अडीच गुंठ्यांतील पहिली फुले

इंग्लंडात व वेल्समध्ये स्थानिक परिषदेच्या ताब्यातील जमिनीचे लहान लहान तुकडे पाडून ते माफक खंडाने, भाजीपाला पिकविण्यासाठी, सामान्य नागरिकांच्या हवाली करण्याची जी वहिवाट आहे आणि जिला तिकडे ‘अलॉटमेंट’ या नावाने ओळखतात, तिच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवून काही वर्षे वाट पाहिलेल्या मराठी कुटुंबास एके दिवशी परिषदेच्या दप्तरातून पत्र येते, कबूलायतीवर सही होते, फाटकाची किल्ली हाती पडते, आणि मग त्या तुकड्यावर प्रथम काय लावावे याविषयी घरात जी चर्चा सुरू होते तीत वांगी, मेथी, कोथिंबीर यांच्या खालोखाल फुलांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. देवपूजेला चार फुले आपल्या हातची असावीत ही इच्छा स्वाभाविक आहे. ती पुरी होणे अवघडही नाही. मात्र निवड करताना आपण पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या परसाची आठवण प्रमाण मानतो की समोरच्या जमिनीचे पंचांग, यावर पहिल्या वर्षाचे यशापयश बहुतांशी ठरते.

आधी जमिनीचा हिशेब. परंपरेने एका पुऱ्या तुकड्याचे क्षेत्र दहा रॉड धरले जाते. नाव परके असले तरी माप आपल्या ओळखीचे आहे, कारण एकरात चौरस रॉड १६० आणि गुंठे ४०, तेव्हा दहा रॉड म्हणजे नेमके अडीच गुंठे. मागणी वाढल्यामुळे पुष्कळ ठिकाणी नव्या अर्जदारास निम्मा, म्हणजे सव्वा गुंठ्याचा, तुकडा देतात, आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी कसणाऱ्या माणसास तेवढाच पुरेसा आहे. १९०८ च्या कायद्याने अशी जमीन उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोपविले. पुढे १९२२ च्या कायद्याने व्याख्या बांधली, की कुळाने आपल्या व आपल्या कुटुंबाच्या उपयोगाकरिता पूर्णतः अथवा मुख्यतः भाजी किंवा फळे पिकविण्याची ही जागा असून तिचे क्षेत्र चाळीस रॉडांहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून, अधिक नसावे. ‘मुख्यतः’ म्हणताना कायद्याने जी फट ठेवली, तिच्यातून फुलांचा या जमिनीवर शिरकाव होतो. तथापि प्रत्येक परिषदेची कबूलायत निराळी असते. कोठे फुलांच्या जागेला मर्यादा घातलेली असते, कोठे मोठ्या झुडपांस व झाडांस मनाई असते, म्हणून बियांच्या दुकानात जाण्यापूर्वी तो कागद शांतपणे वाचून काढावा. शर्ती मोडल्यास नोटीस येते, आणि नोटिशीच्या मुदतीत सुधारणा दिसली नाही तर कुळास बेदखल करण्याचा अधिकार परिषदेला असतो.

माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी एकदशांशाहून अधिक जागा फुलांना देऊच नये, आणि ती जागाही एका कोपऱ्यात बाग म्हणून वेगळी न काढता भाजीच्या वाफ्यांच्या कडेने पट्ट्यापट्ट्यांनी द्यावी. यात काटकसरीबरोबर दुसराही लाभ आहे. रनर बीन या नावाने तिकडे घरोघर लावली जाणारी तांबड्या फुलांची घेवड्याची वेल आणि भोपळ्याच्या जातीचे कूर्जेट ही दोन्ही पिके कीटकांच्या येण्याजाण्यावाचून नीट धरत नाहीत, आणि मधमाशी व भुंगा यांना वाफ्याकडे आणण्याचे काम शेजारची फुले बिनबोभाट करतात.

आता पंचांगाकडे वळू. आपल्याकडे बी रुजण्याची चिंता पाण्यावर अवलंबून असते; तिकडे ती थंडीवर असते. मार्च-एप्रिलमध्ये चार दिवस सुरेख ऊन पडते, दुकानांच्या दारात रोपांच्या ताटल्या मांडल्या जातात, आणि आता हिवाळा सरला अशी समजूत होते. परंतु दव गोठविणारी रात्र दक्षिण इंग्लंडातही मेच्या मध्यापर्यंत केव्हाही येऊ शकते, उत्तरेला व स्कॉटलंडात तर जूनच्या आरंभापर्यंत तिचा भरवसा नसतो. अशा एका रात्रीत कोवळे रोप सकाळी उकडल्यासारखे काळे व लिबलिबीत झालेले दिसते. जुन्या माळ्यांचा एक शिरस्ता आहे, की मेच्या उत्तरार्धात भरणारे चेल्सीचे सुप्रसिद्ध पुष्पप्रदर्शन पार पडेपर्यंत नाजूक रोपे उघड्यावर लावू नयेत. हा शिरस्ता नवख्याने डोळे मिटून पाळावा. यावरून फुलांचे दोन वर्ग आपोआप पडतात: थंडी सोसणारी, जी मार्चअखेरपासून जागेवरच पेरता येतात, आणि थंडी न सोसणारी, जी घरात खिडकीशी रुजवून जूनच्या सुमारास बाहेर न्यावी लागतात. पहिल्या वर्षी पहिल्या वर्गावर मुख्य भिस्त ठेवावी. दुसऱ्यातील एखादेच फूल, तेही मनापासून हवे असेल तर, घ्यावे.

पहिल्या वर्गात अग्रस्थान मी निःसंकोच कॅलेंडुल्याला देईन. केशरी व पिवळ्या रंगाचे, तळहातावर मावेल एवढे हे फूल झेंडूचे नव्हे. पण रंगाने त्याच्या इतके जवळचे आहे, की देवघरातील तबकात ठेवले असता आजीलाही ते परके वाटू नये. त्याचे बी पाहण्यासारखे असते: मातकट रंगाचे, पाठीवर खरबरीत काटे असलेले, आणि कातरलेल्या नखासारखे वाकडे. एवढे मोठे व ओळखू येणारे बी नवख्याच्या बोटांस सोयीचे. मार्चअखेरीपासून मेपर्यंत केव्हाही, एक सेंटिमीटर खोल ओळीत ते टाकावे, आणि रोपे चार पानांची झाली की दोहोंत वीतभर, पुढे आणखी वाढल्यावर फूटभर अंतर राहील अशी विरळणी करावी. विरळणी करताना हात आखडता घेण्याची आपली प्रवृत्ती असते. उगवलेले रोप उपटून टाकणे पाप वाटते. परंतु दाट राहिलेल्या ओळीत एकही रोप अंग धरत नाही व पानांवर भुरी लवकर पडते. जूनपासून फुले येऊ लागतात आणि वाळलेली फुले खुडत गेल्यास शरद ऋतू उलटेपर्यंत येत राहतात. काही फुले मुद्दाम वाळू दिली तर त्यांचे बी आपणच पडते आणि पुढल्या वर्षी पाकीट विकत घ्यावे लागत नाही.

कॅलेंडुल्याच्या सोबतीला निळा कॉर्नफ्लॉवर आणि नायजेला ही दोन घ्यावीत. दोन्ही जागेवर पेरावयाची. नायजेल्याचे रोप तर उपटून दुसरीकडे लावलेले त्याला मुळीच मानवत नाही. नायजेला हा आपल्या मसाल्यातील कलौंजीचा सगोत्र होय, आणि त्याची फुगीर बोंडे फुटल्यावर आतून पडणारे काळे बी पाहिले की हे नाते पटते. मात्र हे बागेतले बी असल्याने ते डब्यात भरण्याच्या मोहात पडू नये.

येथे पेरणीच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पहिल्या वर्षीची पुष्कळशी निराशा बियांच्या निवडीपेक्षा येथे उगम पावते. पाकिटावरील रंगीत चित्रात फुले रानात उगवल्यासारखी मिसळलेली दाखवितात, आणि ती पाहून आपण मूठभर बी वाफ्यावर फेकून देतो. पंधरवड्यानंतर वाफा हिरवा होतो खरा. पण त्यातले फूल कोणते व तण कोणते हे सांगण्याची सोय उरत नाही. नव्याने ताब्यात आलेल्या जमिनीत तणाच्या बियांचा साठा अपार असतो. म्हणून दंताळ्याच्या दांड्याने सरळ रेघ ओढावी, तीत आधी पाणी घालून मग बी टाकावे आणि वर कोरडी माती लोटावी, म्हणजे रेघेत उगवेल ते आपले आणि रेघेबाहेर उगवेल ते खुरप्याचे, असा निवाडा सोपा होतो. लंडन व भोवतालच्या मुलखात जमीन चिकणमातीची असते; ती ओली असताना तीवर पाय देऊ नये, वाफसा येण्याची वाट पाहावी. मूठभर माती दाबून सोडली असता तिचा गोळा भुसभुशीत होऊन फुटला तर पेरणीस हरकत नाही. तारखेपेक्षा हा पुरावा अधिक विश्वासार्ह.

तणांपैकी दोन शत्रू विशेष. बाइंडवीड ही पांढऱ्या फुलांची वेल, आणि काउच हे आपल्या हरळीच्या स्वभावाचे गवत. या दोहोंच्या मुळांचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी त्यातून नवा कोंब निघतो, म्हणून यंत्राने जमीन उलथविण्याचा झटपट उपाय येथे घातकच ठरतो. एका मुळाचे पन्नास तुकडे होतात. ज्या पट्टीत फुले पेरावयाची तेवढीच हाताने, काट्याच्या फावड्याने, मुळे वेचून साफ करावी आणि उरलेल्या जमिनीवर जाड पुठ्ठा किंवा काळे कापड अंथरून ठेवावे.

नॅस्टर्शियमविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही, आणि हेच त्याचे प्रशस्तिपत्र. एप्रिल-मेमध्ये वाटाण्याएवढे बी दोन सेंटिमीटर खोल टोकावे आणि विसरून जावे. त्याला खत घालू नये. सुपीक जमिनीत ते पानांचा पसारा मांडते व फुलांना विसरते. पान व फूल दोन्ही खाण्याजोगी, चवीला तिखट. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या त्यावर तुटून पडतात.

स्वीट पीचा प्रकार निराळा आहे. इंग्रजांच्या बागेतील हे लाडके फूल मूळचे त्यांचे नव्हे. १६९९ साली सिसिलीतील कुपानी नावाच्या वनस्पतिवेत्त्या धर्मगुरूने त्याचे बी इंग्लंडात पाठविले, आणि त्याच्या नावाचे जांभळ्या-तपकिरी रंगाचे वाण अजून विकत मिळते. नंतरच्या शतकांत मोठ्या पाकळ्यांची अनेक वाणे निघाली. सुगंधाच्या बाबतीत मात्र या जुन्या वाणाची बरोबरी करणारी थोडी. नवख्याने तेच घ्यावे. बी ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये खोलगट कुंडीत पेरावे, कारण मूळ खोल जाते. घरातील कागदी गुंडाळीच्या रिकाम्या नळ्या या कामी उत्तम. उंदरांना हे बी फार आवडते, तेव्हा कुंड्या उंचावर ठेवाव्यात. रोपाला पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा नखाने खुडावा, म्हणजे बगलेतून दोन-तीन जोमदार फांद्या फुटतात. शेंडा न खुडलेले रोप एकाच काटकुळ्या काठीने वर जाते. एप्रिलमध्ये माणसाहून उंच बांबूच्या काठ्यांचा तिकोनी मांडव उभारून त्याच्या पायाशी रोपे लावावीत. जमिनीत कुजलेले शेणखत भरपूर असावे व कोरड कधी पडू देऊ नये.

आणि मग, फुले येऊ लागल्यावर, एकच नियम: दर दोन-तीन दिवसांनी सगळी फुले तोडावीत. एकदा वेलीवर शेंगा धरल्या, की तिचे कार्य संपले असे समजून ती फुलणे थांबवते. वेल फुलती राहावी एवढ्यासाठी ओंजळ भरभरून फुले शेजाऱ्यांना वाटावी लागतात; आठवड्यातून एकदाच फेरी होणाऱ्या माणसाने शेजारच्या तुकड्यावरील कोणास तरी मधल्या दिवशी फुले तोडून नेण्याची सरळ विनंती करावी. एक गोष्ट मुलांना बजावून सांगावी. विदर्भातील वाचकांना जी लाखोळी डाळ ठाऊक आहे तिची ही भावकी, आणि स्वीट पीचे बी व शेंगा विषारी असतात. खाण्याच्या वाटाण्याचा वाफा म्हणूनच तिच्यापासून दूर धरावा. हीच खबरदारी डॅफोडिलच्या कंदांविषयी घ्यावी. ते कांद्यासारखे दिसतात, पण विषारी आहेत, तेव्हा शेडमध्ये कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवू नयेत.

आता झेंडू, कारण दसरा आहे आणि दाराला तोरण हवेच. आपल्याकडे परसात वाळलेले फूल कुस्करून टाकले की झेंडू उगवतो, या अनुभवावर विसंबून एप्रिलमध्ये उघड्यावर बी टाकणाऱ्यांची संख्या थोडी नाही, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या पदरी काहीच पडत नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, थंडी त्याला सोसत नाही. एक टोक काळे व दुसऱ्या टोकाला फिकट कुसळ असे त्याचे ओळखीचे बी एप्रिलच्या मध्यास खिडकीतील कुंडीत पेरावे, आणि रोपे हाताएवढी झाल्यावर सात-दहा दिवस दिवसा बाहेर व रात्री आत अशी सवय लावून जूनच्या आरंभी जमिनीत न्यावीत. तोरणासाठी उंच जातीचा, मोठ्या गोंड्यांचा झेंडू हवा. कडेला लावावयाचा बुटका, तांबूस कडांचा झेंडू लवकर फुलतो, पण ओवण्यास फुसका. उंच जातीचा एक स्वभाव लक्षात ठेवावा: दिवस लहान होऊ लागल्यावर तो लवकर कळ्या धरतो. पुण्यास वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, लंडनला साडेसोळा तासांहून अधिक. म्हणून जून-जुलैत झाड नुसते वाढताना दिसले तर खत घालून त्याला डिवचू नये. ऑगस्टपासून ते आपले ऋण फेडू लागते.

झेंडूचा वैरी म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, जिला तिकडे स्लग म्हणतात. संध्याकाळी लावलेले रोप सकाळी पाहावे तो देठाचा खुंट व त्याभोवती चकाकणारी चिकट रेघ एवढेच शिल्लक. पूर्वी यावर निळ्या गोळ्यांचा मारा करीत. त्यांतील मेटाल्डिहाइड या विषाचा उघड्यावरील वापर ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंद झाला आहे, म्हणून शेडमध्ये आधीच्या कुळाने टाकून दिलेला जुना डबा सापडला तर तो वापरू नये, परिषदेच्या विषारी कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावा. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या वापरण्यास परवानगी आहे. त्याहून खात्रीचे दोन उपाय: रोप मोठे व जून झाल्याखेरीज बाहेर न नेणे, आणि पावसानंतरच्या संध्याकाळी बत्ती घेऊन एक चक्कर मारणे.

कॉसमॉस आपल्या परिचयाचा. नारिंगी कॉसमॉस तर पुण्याच्या परिसरात पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडांवर तणासारखा माजलेला दिसतो. तिकडे गुलाबी-पांढरा अधिक चालतो. त्याचे वेळापत्रक झेंडूचेच, स्लगचा उपद्रव मात्र कमी. सूर्यफूल मुलांसाठी अवश्य लावावे. डेलिया सुंदर खरा, पण कंद मेअखेर लावणे, काठ्या बांधणे, आणि पहिल्या गोठविणाऱ्या रात्रीनंतर ते उकरून कोरड्या जागी जपणे हा दुसऱ्या वर्षीचा उद्योग आहे. मोगरा, अबोली, निशिगंध यांचा नाद बाहेरच्या जमिनीपुरता सोडून द्यावा. मोगऱ्याची एखादी कुंडी घरातील उन्हाच्या खिडकीत ठेवता येईल, तेवढ्यावर समाधान मानावे.

पाण्याबद्दल एवढेच, की पुष्कळ ठिकाणी नळी लावण्यास मनाई असते व सामाईक टाकीतून झारीने पाणी न्यावे लागते. ते रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा मुळाशी भरपूर ओतावे.

सणांचा मेळ शेवटी असा बसतो. दसरा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत कोठेही येतो, आणि त्या सुमारास झेंडू बहुधा उभा असतो. तथापि दिवाळीपर्यंत तो टिकेल यावर हवाला ठेवू नये, कारण एका गोठविणाऱ्या रात्रीत त्याचा कारभार आटोपतो. कॅलेंडुला हलकी थंडी सोसतो, म्हणून जुलैच्या अखेरीस त्याची एक ओळ दुसऱ्यांदा पेरून ठेवावी, म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभी पणत्यांशेजारी ठेवण्यापुरती फुले मिळण्याचा चांगला संभव असतो.

सुटीत भारतातून परतताना गावच्या झेंडूची पुडी सामानात टाकण्याचा मोह अनेकांस होतो. लागवडीसाठी ब्रिटनमध्ये आणावयाच्या बहुतेक रोपांना व बियांना पाठविणाऱ्या देशाचा वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि तो नसेल तर विमानतळावर माल जप्त होऊ शकतो. तेव्हा उंच झेंडूचे एक पाकीट तिकडच्याच दुकानातून घ्यावे, आणि त्यावर एफ-१ संकरित असे छापलेले नाही एवढे पाहून घ्यावे. संकरित झाडाचे बी पुढल्या वर्षी तसेच फूल देत नाही. साध्या वाणाची वाळलेली बोंडे ऑक्टोबरात घरी आणून कागदी पिशवीत कोरडी ठेवली, तर पुढच्या एप्रिलची सोय होते.